राखण

पास्तोच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
ढग नसले तर खिडकीत गालेरास दिसतो.
आज नाही.
आज फक्त काच, आणि काचेवर
रोसाल्बा क्वास्तुमाल, वय सत्तेचाळीस, राहणार तुकेरेस,
तांदळाच्या कणीएवढी.

एउदोरोनं सकाळीच रंगवून ठेवलीय,
गुलाबी, जांभळी. कडेला त्याच्या अंगठ्याचा ठसा.
सतरा वर्षं सांगतेय, हातमोजे घाल.

चारशे पटींनी मोठं केलं की पोट हे पोट राहत नाही.
नळ्यांची वस्ती होते, भिंतीला भिंत लागून,
आणि प्रत्येकीच्या तोंडाशी चिकट साय.
त्या सायीत ते:
वळलेले, बारके, जिरं सांडल्यासारखे.
आम्लात काही जगत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं.
तिनं ते मानलंच नसतं. अझुफ्रालच्या हिरव्या तळ्याला
गंधकाचा वास येतो, तरी काठच्या दगडांवर
शेवाळ धरतं, तिनं लहानपणापासून पाहिलंय.
केव्हा आले असतील? बहुधा आईनं
मक्याचा घास चावून भरवला तेव्हा,
चुलीच्या धुरात, पायाशी गिनीपिग चिवचिवत असताना.

खाली केशवाहिनीत पांढऱ्या पेशी अडून बसल्यात.
वाहत्या रक्तात थांबणं सोपं नसतं.
आधी गडगडत येतात, मग भिंतीला चिकटतात,
मग अंग चपटं करून फटीतून बाहेर.
केंद्रक पाकळ्यापाकळ्यांचं, म्हणून जमतं.
अख्खं असतं तर अडकलं असतं.
हाक कुणी मारली, त्यांना ठाऊक नाही.
हाकेची चव लागते, तिकडे जायचं, बस्स.
परतीची वाट कुणी विचारत नाही.

आणि शत्रू तर पलीकडे, सायीत.
तिथं हात पोचत नाही.
मग पोचेल तिथं पडतो: नळीच्या भिंतीवर.
अंगातलं सगळं जहाल ओततात,
ओततात आणि मरतात,
आणि मी मोजते. एका नळीत नऊ. दुसरीत चौदा.
कुंपण इथंच आहे, शेतही इथंच.
मला कागद भरायचा आहे.

कागदावर दोन शब्द: जुनाट, सक्रिय.
जुनाट म्हणजे लिम्फोसाइट, गोल, गडद, मुक्काम ठोकलेले.
सक्रिय म्हणजे हे, परवा बाहेर पडलेले, उद्या नसणारे.
आणि खाली, छोट्या अक्षरात:
एका कोपऱ्यात दोन नळ्या
स्वतःला आतडं समजू लागल्यात.

अहवाल न्यायला ती स्वतः आली.
सोबत मुलगी, नेइदी, हातात गार्डची काठी,
काठीला लाल-हिरव्या फिती.
मी म्हटलं, सूज आहे.
ती म्हणाली, सूज कसली, आग आहे.
मग कशावरून तरी सांगत बसली:
दोन वर्षांमागे रानात अनोळखी माणसं फिरतात अशी आवई उठली,
गार्ड अकरा रात्री तिच्याच बटाट्यात तळ देऊन राहिला.
अनोळखी कुणी आलं नाही.
बटाटे तुडवले गेले, उरलेले शेकून खाल्ले,
शेकोटीत दोन खांब गेले.
"आमचीच पोरं. त्यांना काय म्हणायचं?"
नेइदी हसली नाही. काठीची फीत बोटाला गुंडाळत राहिली.

चौदा दिवस गोळ्या. आठ महिन्यांनी दुसरी काच.
जिरं नाही. नळ्यांत एकही घुसलेला नाही.
मी पुन्हा मोजलं: शून्य. शून्य.
पण लिम्फोसाइट आहेत. पातळ झालेत, पण आहेत,
शत्रू गेल्याचं कुणी कळवलं नसल्यासारखे.
महिने जातात. कुणाकुणाची वर्षं.
आणि त्या कोपऱ्यातल्या दोन नळ्या
अजून आतडंच आहेत.

फोनवर तिनं विचारलं, "मग आता तिथं कोण आहे?"
मी काय सांगू. म्हटलं, राखणदार.
"उठवा त्यांना," ती म्हणाली, "जेवायला घरी जा म्हणावं."
मागे कुणीतरी लाकूड फोडत होतं.
मी तारीख लिहून घेतली, पुढच्या काचेची.